नियम सातवा आणि बाबांची सही

वर्गातल्या बहुतेक सगळ्यांच्या पालकांनी त्या कागदावर उभ्या उभ्या सही केली. कुणाच्या आईने गॅसवरचं ढवळता ढवळता, कुणाच्या वडिलांनी फोनवर बोलता बोलता, आणि एकाच्या आजोबांनी तर "कुठे करू?" एवढंच विचारून थेट मागच्या कोऱ्या बाजूला. माझ्या बाबांनी मात्र कागद हातात घेतला, चष्मा पुसला, दिव्याखाली खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस. वाचू या."

माझी पंचाईत सुरू झाली ती तिथेच.

कागद होता आमच्या इंग्रजीच्या वर्गाच्या नियमांचा. आमच्या शाळेत दहावीला इंग्रजीचे दोन वर्ग असतात, एक साधा आणि एक वरचा. वरचा वर्ग पूर्णविरामबाईंचा. बाई कमी बोलतात आणि बोलून झालं की झालं, त्यापुढे कुणाची स्वल्पविराम टाकायचीही हिंमत होत नाही, म्हणून हे नाव. त्या वर्गात बसायला मिळावं म्हणून मी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. कारण शाळेचा वादविवाद संघ फक्त त्याच वर्गातून निवडतात. आता घरी मी तोंड उघडलं की आई म्हणते, "झाली हिची टकळी सुरू." आत्याकडे गेले की आत्या म्हणते, "हिच्या सासरच्यांचं काही खरं नाही." जिथे भांडायला टाळ्या आणि ढाल मिळते अशी जगात एकच जागा आहे, आणि ती माझ्यापासून एका सहीच्या अंतरावर होती.

बाईंनी सोमवारी कागद वाटले आणि सांगितलं, शुक्रवारी इंग्रजीचा तास सुरू होताना सही केलेला कागद माझ्या टेबलावर हवा. ज्याचा नसेल तो साध्या वर्गात जाईल आणि त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला मिळेल. हा पहिला म्हणजे साध्या वर्गातला एक मुलगा. त्याला आम्ही उमेदवार म्हणतो. सोमवारी दुपारीच तो मला जिन्यात भेटला आणि तोंडात साखर घोळवत म्हणाला, "काय गं, सही झाली का?" मी म्हटलं, "होईल रे, तुझ्या तोंडाला का पाणी सुटलंय?" तर हसून पुढे गेला. मला त्याचा अस्सा राग आला!

आता बाबांचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस विक्षिप्त आहे. विक्षिप्त आहेच, पण त्याला कारण आहे. बाबा लिफ्ट तपासनीस आहेत. लिफ्टचा ब्रेक, दोर, दारं, सगळं तपासून ते प्रमाणपत्रावर सही करतात आणि मगच ती लिफ्ट चालते, आणि मध्येच अडकली तर फोनही त्यांनाच येतो. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये आमच्या बाबांची सही काचेमागे लटकते. आई दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे, तिची सही रोज पन्नास चिठ्ठ्यांवर होते, कुणाला वाचता येत नाही आणि कुणाचं अडतही नाही. बाबांची सही तशी नाही. घरी कुरिअर आलं तरी ते आधी पाकीट उलटंसुलटं करून बघतात. कुरिअरवाला आमच्या दारात आला की जिन्यावर बसूनच घेतो.

तर बाबा वाचायला बसले. त्यांना यंत्रांच्या पुस्तकातलं इंग्रजी चांगलं येतं, पण बोलायला तोंड उघडत नाही. शब्दकोश शेजारी, पेन्सिल कानावर. आधी पेन्सिलीने खूण करायची, पूर्ण खात्री झाली की मगच पेन, ही त्यांची पद्धत.

"पहिला नियम," बाबा म्हणाले. "वर्गात फक्त इंग्रजी बोलायचं. दुसरं काही बोलल्यास वर्ग देईल त्या विषयावर सगळ्यांसमोर एक मिनिट इंग्रजीत बोलावं लागेल. ठीक. शिक्षा उपयोगाची आहे." पेन्सिलीची खूण.

"तिसरा. पेन मागणाऱ्याने पेन परत करेपर्यंत एक बूट बाईंकडे ठेवायचा." बाबांनी मान वर केली. "एक का?"

"एका बुटावर घरी जाता येत नाही म्हणून," मी म्हटलं.

"वा! डोकं आहे बाईंना." पेन्सिलीची खूण.

पाचव्या नियमात 'मला माहीत नाही' असं उत्तर देण्याला बंदी होती. 'मला अजून माहीत नाही' हे चालणार होतं. बाबांनी तो दोनदा वाचला आणि आईला हाक मारून ऐकवला. मला वाटलं, जमलं. पेन आता निघेल. मी पेन घेऊन शेजारी उभीच होते.

आणि सातव्या नियमावर गाडी अडली.

"उशिरा आलेलं काम घेतलं जाणार नाही. कोणतंही कारण ऐकलं जाणार नाही." बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "कोणतंही म्हणजे?"

"कोणतंही म्हणजे कोणतंही, बाबा."

"कुणी आजारी पडलं तर?"

"आदल्या दिवशी काम करून ठेवायचं."

"आदल्या दिवशी कळतं का आजारी पडणार ते?" बाबांनी कागद टेबलावर सरळ केला. "यात संकटाचं बटण नाही, राणी. सगळं उत्तम आहे, ब्रेक मजबूत आहे, पण आत माणूस अडकला तर त्याने काय दाबायचं? अशा लिफ्टला मी सही देत नाही."

"ही लिफ्ट नाहीये!"

"माणसं आत बसणार आहेत ना?"

डोंबलाची लिफ्ट! मी रडले, चिडले, जेवणाच्या ताटावरून उठले आणि भूक लागल्यावर परत येऊन बसले. आई म्हणाली, "अहो, करून टाका ना. पोरीचा जीव टांगणीला लागलाय." बाबा म्हणाले, "करून टाकायला ती काय भांडी आहेत?" आईने त्यावर खरोखरच भांडी त्यांच्यासमोर आणून ठेवली. बाबांनी निमूटपणे घासली, पण सही केली नाही.

माझ्या मनात पाप आलं नाही असं मुळीच नाही. बाबांची सही मला डोळे मिटून काढता येते. लिफ्टमध्ये वर जाताना तिच्याकडे बघतच मी मोठी झाले. सुरुवातीचा वळसा, मधली उडी, शेवटची आडवी रेघ. मंगळवारी रात्री मी पेन उघडलंही. मग मला ती काचेमागची सही आठवली, आणि तिच्या भरवशावर पाय टाकणारी माणसं, पिशव्या घेतलेल्या आजीबाई, कडेवरची बाळं. नाही धजावलं मन. मी पेन मिटलं आणि बाबांवर दुप्पट चिडले, कारण त्यांनी खोटी सही मारण्याचीसुद्धा सोय ठेवली नव्हती.

बुधवारी मी बाईंना जाऊन सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "नियम बदलणार नाही. पण तुझ्या वडिलांना शंका असेल तर त्यांनी येऊन बघावं. वर्ग उघडा आहे." मला वाटलं, बाबांना हे सांगितलं की ते बिचकतील. शाळा, इंग्रजी, चाळीस पोरं, छे!

बाबा खूश झाले. "भरलेला वर्ग बघायला मिळेल ना? रिकामी लिफ्ट कुणीही चालवून दाखवतं," म्हणाले आणि गुरुवारी कामाच्या कपड्यांत, हातात पिशवी घेऊन आमच्या वर्गाच्या दारात हजर. आधी त्यांनी दार उघडून बंद करून बघितलं. मग बिजागरी. मग म्हणाले, "तेल घाला हिला."

वर्गात खसखस पिकली. बाईंनी इंग्रजीत सांगितलं की पहिला नियम पाहुण्यांनाही लागू आहे, आणि पाहुण्यांना जमत नसेल तर त्यांच्या मुलीने उभं राहून दोन्हीकडचं बोलणं दोन्हीकडे पोचवावं. आता ऐका हं गंमत. बाईंना मराठी आपल्याइतकंच येतं. त्यांना बाबांचा शब्द न् शब्द कळत होता. तरीही मी मध्ये उभी राहून बाबांचं मराठी इंग्रजीत करून सांगायचं, आणि बाईंनी ते ऐकल्यावरच उत्तर द्यायचं. नियम म्हणजे नियम.

बाबा म्हणाले, "बाईंना विचार, हा सातवा नियम ज्यांनी लिहिला त्यांना जन्मात कधी ताप आला नाही का?"

मी इंग्रजीत म्हटलं, "माझ्या वडिलांना सातवा नियम फार आवडला आहे. तो कसा सुचला, असं ते विचारतात."

बाई इंग्रजीत म्हणाल्या, "तुझे वडील असं म्हणाले नाहीत. ताप राहिला."

वर्ग हसून हसून बाकांवर लोळला. माझे कान तापले. मी इंग्रजी वाक्यात ताप घातला. बाई म्हणाल्या, "सांग त्यांना, मला ताप येतो. मी ताप घेऊन शिकवते."

मी बाबांना मराठीत सांगितलं, "बाई म्हणतात, तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे."

बाबा म्हणाले, "राणी, ताप हा शब्द मला इंग्रजीतही कळतो."

झालं! इकडे आड तिकडे विहीर. दोन्ही बाजूंनी पकडली गेल्यावर मी चाळीस जणांसमोर कपाळावर हात मारून घेतला. त्यानंतर जे जसं आलं तसं पलीकडे फेकत गेले. बाबांना काहीतरी टिपून घ्यायचं होतं, पण त्यांच्याजवळ पेन्सिलच होती आणि तिचं टोक मोडलेलं. त्यांनी पेन मागितलं. बाईंनी काही न बोलता त्यांच्या पायाकडे बोट दाखवलं. बाबांनी वाकून नाडी सोडली, बूट काढला आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा सगळ्या वर्गाकडे बघत होता. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाबांनी मात्र वहीत लिहिलं आणि मला म्हणाले, "बाईंना सांग, तिसरा नियम चालतो. प्रत्यक्ष बघितला."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मी शपथेवर सांगते, हलला.

मग बाबा एका बुटावर उभे राहून म्हणाले, "बाई, खरंच विचारतो. कारण ऐकायला काय हरकत आहे? ऐकायचं आणि मग ठरवायचं."

मी ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, पण बाईंनी मला हाताने थांबवलं. आणि सरळ मराठीत बोलल्या. त्या खोलीत बाईंच्या तोंडून मराठी आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

"ठरवायचं कसं, ते सांगा," त्या म्हणाल्या. "कारणं ऐकायला लागलं की काय होतं माहितीये? ज्याला छान बोलता येतं त्याचं कारण खरं वाटतं. तुमच्या मुलीसारखी असली तर काही विचारूच नका, ती मांजर हरवल्याचंसुद्धा असं सांगेल की माझ्या डोळ्यांत पाणी येईल. आणि ज्याच्यावर खरोखर काही कोसळलंय, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तो नुसता उभा राहतो. मग मी कुणाचं दुःख मोठं म्हणायचं आणि कुणाचं लहान? मी इंग्रजी शिकवते हो. दुःखं तोलायला मला येत नाही. म्हणून कुणाचंच नाही. सगळ्यांना सारखं."

बाबांनी डोकं खाजवलं. खूप वेळ खाजवलं.

"बाई," ते म्हणाले, "हे तुमचं अगदी बरोबर आहे. मला हे सुचलंच नव्हतं."

मी बाबांकडे बघतच राहिले. आमचे बाबा हरले? घरी चहात साखर किती यावरही न हरणारे?

"म्हणजे करता सही?" मी मराठीतच विचारलं.

"थांब गं." बाबा बाईंकडे वळले. "लिफ्टमधलं बटण कुणी दाबलं ना, तर आम्ही विचारत नाही. का दाबलंत, खरंच घाबरलात का, शेजारच्यापेक्षा जास्त घाबरलात का. असलं काही नाही. आधी दार उघडतो. मग त्याने सांगितलं तर ऐकतो, नाही सांगितलं तर तो त्याच्या वाटेने, आम्ही आमच्या. तुम्ही कारण ऐकू नका. तुमचं पटलं मला. पण बटण ठेवा."

"उगाच दाबणारे असतात," बाई म्हणाल्या.

"असतात की! पोरं येता-जाता दाबतात. म्हणून मी बटण काढून टाकू का?"

बाई खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या. "वर्षातून एकदा," त्या शेवटी म्हणाल्या. "प्रत्येकाला एकदाच."

"लिफ्टमध्ये असं नसतं."

"ही लिफ्ट नाही. हा इंग्रजीचा वर्ग आहे."

"हे मी त्यांना सोमवारपासून सांगतेय!" मी ओरडले.

बाबा हसले. "चालेल. एकदा तर एकदा." त्यांनी पेन परत केलं, बूट घेतला आणि तिथेच बाकावर बसून घातला. मागून कुणीतरी इंग्रजीत ओरडलं, "पहिला नियम! बाई मराठी बोलल्या!" सगळ्या वर्गाने बाकं बडवली. बाई मुकाट्याने फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी विषय मागितला. वर्गाने दिला, मोजा. बाईंनी मोज्यावर एक मिनिट असं काही इंग्रजी ऐकवलं की आम्ही टाळ्या वाजवल्या. माझंही एक मिनिट झालं, पण माझं नंतर कुणाच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही.

बाईंनी सुट्टीत सातवा नियम नव्याने लिहिला. उशिरा आलेलं काम घेतलं जाणार नाही. मात्र प्रत्येकाला वर्षात एकदा 'बटण' म्हणता येईल, मग ते पुढच्या तासाला घेतलं जाईल. कारण सांगायचं नाही आणि विचारायचं नाही.

मी आनंदाने उडी मारणार तेवढ्यात जाता जाता बाबा दारातून म्हणाले, "बाई, कागद बदलला म्हणजे आधीच्या सगळ्या सह्या बाद. सगळ्यांकडून नव्याने घ्याव्या लागतील."

चाळीस डोकी माझ्याकडे वळली. एक मुलगी तर म्हणाली, "तुझ्या बाबांना घरी काही कामं नसतात का गं?" तो दिवस कसा गेला ते माझं मला माहीत. तरी मुदत तीच राहिली, शुक्रवारी, तास सुरू होताना.

गुरुवारी रात्री बाबा म्हणाले, "नवा कागद सकाळी ताज्या डोळ्यांनी बघतो." मी दात ओठ खात झोपायला गेले. सकाळी उठून बघते तर बाबा गायब. आई वेणी घालता घालता म्हणाली, "पहाटेच फोन आला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट मध्येच अडकलीय, आत माणसं आहेत. कागद घेऊन गेलेत. म्हणाले, इंग्रजीच्या तासाआधी शाळेच्या फाटकाशी आणून देतो."

मधल्या सुट्टीत मी डबा न उघडता फाटकाशी उभी राहिले. बाबांना फोन लावला, तो लागेना. रस्त्यावरून माणसं गेली, सायकली गेल्या, पाण्याचा टँकर गेला. बाबा आले नाहीत. पण खरं सांगू? मी नुसती रडत उभी नव्हते. मी मनातल्या मनात इंग्रजी जुळवत होते. कारण काय कारण होतं माझ्याकडे! अडकलेली माणसं, बंद लिफ्ट, अंधार, जिवावर उदार होऊन आत उतरणारे माझे वडील, आणि त्यांच्या पिशवीत माझा कागद. असं कारण आयुष्यात एकदा मिळतं. दोन अवघड क्रियाविशेषणंसुद्धा बसवली होती त्यात. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा माझं भाषण तयार होतं, फक्त कागद नव्हता.

मी धावत वर्गाच्या दाराशी पोचले, तर उमेदवार दप्तर पाठीला लावून बाहेर उभा. "नाही ना झाली?" म्हणाला. त्याच्याकडे बघायलाही मला वेळ नव्हता. तास सुरू झाला होता, टेबलावर कागदांचा गठ्ठा होता, बाई दाराकडे बघत होत्या.

"बाई," मी इंग्रजीत सुरू केलं, "आज पहाटे, जेव्हा सगळं शहर..."

"कारण नाही," बाई म्हणाल्या.

"पण बाई, हे कारण ऐकाल तर..."

"सातवा नियम."

माझ्या तोंडाचा आ तसाच राहिला. एवढं सुंदर कारण! आणि 'कारण ऐकू नका' असं बाईंना म्हणालं कोण, तर माझेच बाबा! मी घशातलं सगळं गिळलं आणि पडलेल्या आवाजात म्हटलं, "बटण."

"ये आत," बाई म्हणाल्या.

उमेदवार मागून म्हणाला, "पण बाई, हिने कागदावर सहीच आणलेली नाही. मग त्यातला नियम हिला लागू कसा?" मुद्दा बिनतोड होता, मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. बाईंनी थोडा विचार केला. "दार उघडताना आतल्या माणसाचा कागद बघत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण मुद्दा चांगला होता. पुढच्या निवडीला तू ये."

मी आत पाय टाकणार, तेवढ्यात कुणीतरी जिना चढत आलं. आमच्या मागच्या बाकावरची मुलगी. ती मंगळवारपासून आली नव्हती, आणि माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं, कारण आठवडाभर मी माझ्याच सहीत बुडालेले. डोळे सुजलेले, वेणी कशीतरी बांधलेली, हातात जुना कागद. त्यावर सही नव्हती. तिला बटण माहीत नव्हतं, नवा कागद माहीत नव्हता, काहीच माहीत नव्हतं. ती बाईंसमोर उभी राहिली आणि इंग्रजीत बोलायला लागली. "माझी आई..." म्हणाली. पुढचा शब्द येईना. पुन्हा म्हणाली, "माझी आई..." आणि नुसती उभी राहिली.

बाईंचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. त्यांना विचारता येत नव्हतं आणि बघवतही नव्हतं. मी तिचा हात घट्ट धरला आणि सरळ मराठीत म्हटलं, "काही सांगू नकोस. काही लागत नाही. नुसतं बटण म्हण."

तिला काही कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बटण."

"ये आत," बाई म्हणाल्या. आवाज थोडा बसला होता.

ती जाऊन मागच्या बाकावर बसली. मी माझ्या जागेकडे निघाले, तर सगळा वर्ग ओरडला, "पहिला नियम!" मी मराठी बोलले होते, ते काय सोडतात होय! मी फळ्यासमोर उभी राहिले आणि विषय मागितला. एकजण म्हणाला, "आज उशीर का झाला?"

देवा! माझं अख्खं भाषण, अंधारासकट, क्रियाविशेषणांसकट, ताटात वाढून समोर आलं. जीभ नुसती शिवशिवत होती. मी तोंड उघडलं आणि मागच्या बाकाकडे नजर गेली. ती मुलगी खाली बघून अगदी ताठ बसली होती. माझ्यानंतर हा विषय कुणाकडे जाणार, हे तिला कळलं होतं.

"हा विषय नको," मी म्हटलं. "तो विचारायचा नाही असं ठरलंय. दुसरा द्या."

अजून दारातच रेंगाळणारा उमेदवार म्हणाला, "बटाटे."

मी एक मिनिट बटाट्यांवर बोलले. इतक्या त्वेषाने बोलले की बटाट्यांवर फार मोठा अन्याय झालाय असं सगळ्यांना वाटायला लागलं. पोरं हसली. शेवटी मागच्या बाकावरूनही हसल्याचा आवाज आला, अगदी बारीक.

बाबा तास संपता संपता पोचले. हात तेलाने काळे, केसांत जळमटं, पण कागद स्वच्छ, रुमालात गुंडाळलेला. खाली वळसा, उडी आणि आडवी रेघ. त्यांनी तो बाईंना दिला आणि दम खात म्हणाले, "बाई, काय झालं माहितीये का, पहाटे चार माणसं..."

बाईंनी तळहात वर केला. वर्गाने एका सुरात नियमाचा आकडा सांगितला. बाबांनी तोंड मिटलं, माझ्याकडे बघितलं, आणि बराच वेळ मान हलवत राहिले. मग गेले, जाताना बिजागरीला तेल घालून.

शाळा सुटल्यावर ती मुलगी माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली. मला काय झालंय ते विचारायचं होतं. फार विचारायचं होतं, एरवी मी जिन्यातच विचारून मोकळी झाले असते. मी बटाट्यांबद्दल बोलले, उमेदवाराला शिव्या घातल्या, बाबांच्या मोज्याचं सांगितलं. ती ऐकत होती. फाटकाशी तिने दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मी शाळा सोडतेय असं सांगायला आले होते गं," ती म्हणाली.

मी तिच्या दप्तराचा घसरलेला पट्टा नीट केला.

तिने रस्त्याकडे बघितलं, मग शाळेकडे. "सोमवारी येते," म्हणाली, आणि निघाली.